वायर न जोडता गाडी चार्ज होते का? ई-रिक्षाचा ठराव करण्याआधी वाचा



मागच्या महिन्यात कार्ल्याच्या बाजूच्या एका गटाच्या बैठकीत ई-रिक्षाचा विषय निघाला. दोघी-तिघींनी मिळून एक गाडी घ्यायची, मळवली स्टेशन ते एकवीरा आईचा पायथा अशी चालवायची आणि हप्ता भाड्यातून फेडायचा, असा विचार होता. हिशोब मांडून झाला तेवढ्यात एका ताईंनी मोबाईल पुढे केला. व्हिडिओत एक गाडी काळ्या पाटासारख्या वस्तूवर येऊन उभी राहते. वायर नाही, पिन नाही, तरी बॅटरी भरायला लागते. ताई म्हणाल्या, "एक विक्रेता म्हणतोय, हा चार्जर गाडीबरोबरच देतो, फक्त पंधरा हजार आगाऊ भरा. हे खरं असतं का हो?"

मी तेव्हा "बघून सांगते" एवढंच म्हणाले. खरं सांगायचं तर माझं विज्ञान दहावीपर्यंतचं, पुढे सगळं समाजकार्य. म्हणून आधी स्वतः समजून घेतलं. हा पाठ म्हणजे त्या ताईंना द्यायचं राहिलेलं उत्तर आहे. थोडक्यात सांगते: वायरशिवाय चार्जिंग ही थाप नाही, विज्ञान अगदी खरं आहे. पण तेवढ्यावरून पंधरा हजार आगाऊ भरायचे का, हा प्रश्न वेगळा आहे.

हा विषय आपल्याकडे जास्त महत्त्वाचा आहे तो पावसामुळे. लोणावळ्याचा पाऊस तुम्हाला मी काय सांगणार! त्याच बैठकीत दुसऱ्या ताईंनी स्वतःची गोष्ट सांगितली. घरातल्या स्कूटीसाठी खिडकीतून एक्स्टेंशन बोर्ड बाहेर काढला होता, वरून पागोळी गळत होती. पिन काढायला गेल्या तर हाताला जोराचा झटका बसला. थोडक्यात निभावलं. त्यामुळे "पिनला हातच लावायचा नाही" असा चार्जर कुणी दाखवला की बायांचे कान टवकारणारच.

आता हे चालतं कसं ते बघू. सुरुवात गावातल्या डीपीपासून करते, कारण ती सगळ्यांनी पाहिलेली आहे. (लांबूनच बघायची, जवळ जायचं नाही.) डीपीत एका बाजूने ११ हजार व्होल्टची लाइन येते आणि दुसऱ्या बाजूने आपल्या घराच्या कामाची कमी दाबाची वीज निघते. तुम्हाला वाटत असेल, आत एक वायर दुसरीला जोडलेली असेल. तसं नसतं. आत लोखंडी गाभ्यावर तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या तारेची दोन वेगवेगळी वेटोळी असतात. पाण्याच्या मोटारीचं वाइंडिंग जळलं की दुकानात गुंडाळलेली तार दिसते ना, साधारण तशीच. एका वेटोळ्यात वीज गेली की तिच्याभोवती चुंबकाचं बळ तयार होतं. आपली वीज सेकंदाला ५० वेळा मागे-पुढे होते, म्हणून ते बळही तेवढ्याच वेळा उलटसुलट होतं. त्या बदलत्या बळात दुसरं वेटोळं असलं की त्यात आपोआप वीज उभी राहते. दोन तारांची गाठ कुठेच पडत नाही. म्हणजे बघा, तुमच्या घरातला दिवा आजही एका अर्थाने वायरलेस विजेवरच लागतो!

हा नियम १८३१ मध्ये मायकेल फॅरेडे यांनी इंग्लंडमध्ये शोधला. ते लोहाराचे पोरगे. शाळा फार झाली नव्हती, लहानपणी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करायचे आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचायचे. ही माहिती "आम्हाला कुठलं समजतंय" म्हणणाऱ्या माझ्या सगळ्या ताईंसाठी मुद्दाम दिली.

आणि हा नियम मावळाला नवा नाही. वळवण, लोणावळा आणि शिरवटा इथली टाटांची धरणं आपण रोज बघतो. हे पाणी घाटाखाली पाचशे मीटरहून जास्त खोल खोपोलीला उतरवतात. तिथलं वीजघर १९१५ ला सुरू झालं. पाण्याच्या जोरावर चक्र फिरतं, चक्राबरोबर चुंबक फिरतो, आणि त्याच्याजवळच्या वेटोळ्यात वीज तयार होते. नियम तोच. पाणी आपल्या डोंगरातलं, पण ती वीज गेली मुंबईच्या गिरण्यांना. इथल्या वाड्या-वस्त्यांवर दिवे लागायला पुढे कित्येक वर्षं गेली, हे आजीला विचारा, ती सांगेल. असो.

आता घरातलं उदाहरण. इंडक्शन शेगडी आता बऱ्याच जणींकडे आहे. काचेखाली तारेचं चपटं वेटोळं असतं. शेगडीतलं सर्किट घरातल्या विजेचा वेग वाढवून सेकंदाला हजारो वेळा मागे-पुढे करतं. वर लोखंडाचं किंवा चुंबक चिकटेल असं स्टीलचं भांडं ठेवलं की भांड्याच्या बुडात वीज गोल गोल फिरते आणि बूड तापतं. काच आधी तापत नाही, भांडं तापतं आणि त्याच्यामुळे काच तापते. भांडं उचललं की शेगडी टूं टूं करून बंद होते, कारण वरचा जोडीदार गेला.

वायरलेस चार्जर म्हणजे हीच शेगडी जमिनीवर ठेवली आणि भांड्याच्या जागी गाडीच्या पोटाला तारेचं दुसरं वेटोळं बसवलं. भांड्यात वीज फिरून नुसती उष्णता होते. इथे मात्र वरच्या वेटोळ्यातली वीज तारेने काढून घेतात, एका सर्किटमधून सरळ एका दिशेची करतात, कारण बॅटरीला मागे-पुढे होणारी वीज चालत नाही, आणि मग बॅटरीत भरतात.

मग इतकं सोपं आहे तर आजवर घरोघरी का नाही? अडचण आहे मधल्या अंतराची. डीपीत दोन्ही वेटोळी एकाच लोखंडी गाभ्यावर अगदी जवळ असतात. शेगडी आणि भांडं यांच्यामध्ये फक्त काच असते. पण रिक्षाचं पोट जमिनीपासून वर असायलाच हवं, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात घासेल. मधे हवा आली की चुंबकाचं बळ इकडे-तिकडे पसरतं आणि थोडंच वरच्या वेटोळ्याला मिळतं. अंतर वाढलं की मिळणारी वीज झपाट्याने कमी होते.

यावर जी युक्ती काढली ती झोपाळ्यासारखी आहे. नागपंचमीला झोका देताना तुम्ही काय करता? झोका मागे आला की नेमक्या वेळी हलकासा धक्का देता. भलत्याच वेळी कितीही जोर लावला तरी झोका चढत नाही, आणि ताल साधला की एका हातानेही उंच जातो. तसंच खालच्या आणि वरच्या वेटोळ्याला कपॅसिटर नावाचा भाग जोडून दोघांचा ताल एक करतात. (पंखा घुरघुरायला लागला की वायरमन बदलतो तो कपॅसिटरच. इथे त्याच जातीचा, पण वेगळ्या कामाचा.) मग मधे हवा असूनही खालचं वेटोळं देतं ते वरचं बऱ्यापैकी उचलतं. दुसरी युक्ती म्हणजे वेग. सेकंदाला ५० वेळा नाही, तर ८०-९० हजार वेळा वीज मागे-पुढे करायची. मोटारगाड्यांच्या वायरलेस चार्जिंगसाठी अमेरिकेतल्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने २०२० मध्ये मानक ठरवलं, त्यातही वेग सेकंदाला ८५ हजारच्या आसपास आहे.

आता आपल्या महाराष्ट्रातली गोष्ट, आणि माझ्या मते या पाठातली सगळ्यात कामाची. नागपूरची व्हीएनआयटी, म्हणजे विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था, आणि सी-डॅक यांनी मिळून विजेच्या गाड्यांसाठी देशी वायरलेस चार्जर तयार केला आहे. सी-डॅक म्हणजे पुण्यात मुख्यालय असलेली, परम हा महासंगणक बनवणारी सरकारी संस्था. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने २०२५ मध्ये हे तंत्रज्ञान उत्पादनासाठी एका खासगी कंपनीला दिलं. त्याचे आकडे असे आहेत. घरातल्या साध्या २३० व्होल्टच्या सिंगल फेजवर चालतो. दोन वेटोळ्यांमधलं अंतर साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे पाच इंच. वेग सेकंदाला ८८ हजार. बॅटरीला ४८ व्होल्ट आणि ३० अँपिअर देतो, म्हणजे साधारण दीड किलोवॅट. साधारण तीन तासांत बॅटरी ९० टक्क्यांपर्यंत भरते. १०० भाग वीज घेतली तर त्यातले जास्तीत जास्त ८९.४ भाग पोहोचतात. त्यातले विजेचे स्विच सिलिकॉन कार्बाइडचे आहेत. सुरीला धार लावायचा काळा दगड असतो ना, कार्बोरंडमचा, तो पदार्थ हाच! फार वेगाने चालू-बंद होऊनही कमी तापतो, म्हणून वापरतात.

४८ व्होल्ट हा आकडा ओळखीचा वाटला का? बऱ्याच ई-रिक्षांमध्ये सीटखाली १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या असतात, चार बारे अठ्ठेचाळीस. म्हणजे हा चार्जर मोठ्या मोटारीच्या मापाचा नसून आपल्या रिक्षाच्या मापाचा आहे. म्हणूनच तो बाजारात कधी येतो इकडे मी लक्ष ठेवून आहे.

पाटीवर हिशोब करून बघू. एक किलोवॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. दीड किलोवॅट तीन तास म्हणजे बॅटरीत साडेचार युनिट. पण वाटेत गळती आहे, म्हणून मीटरवर साधारण पाच युनिट पडतील. अर्धा युनिट उष्णता होऊन वाया. समजा युनिटचा दर १० रुपये धरला, तर एका चार्जिंगला पाच रुपये, महिन्याचे २५ दिवस धरले तर सव्वाशे रुपये. आणि वायरचा चार्जरही थोडी वीज खातोच (हात लावून बघा, गरम लागतो), त्यामुळे खरा फरक सव्वाशेपेक्षाही कमी. तेव्हा बिलाची भीती घालून कुणी नको म्हणत असेल तर ते पटत नाही. खरा खर्च बिलाचा नाही, जमिनीचा पाट आणि गाडीखालचं वेटोळं या दोन वस्तूंचा आहे. गाडीबरोबर मिळणाऱ्या साध्या चार्जरच्या वर हा खर्च चढतो.

फायदा काय? पिन नाही, म्हणून ओल्या हाताने पिनला हात लावणं नाही. सॉकेट ढिलं होऊन ठिणगी उडणं नाही. पाट चांगला बंदिस्त असेल तर चिखल-पाण्याची चिंता कमी. रात्री दमून आल्यावर वायर लावायला विसरलं आणि सकाळी गाडी मेलेली, हेही होत नाही.

पण काळजीही आहे. शेगडीवर चमचा राहिला तर तापतो. तसंच पाटावर खिळा, नाणं, स्टीलची वाटी पडली तर ती चांगलीच तापू शकते. चांगल्या चार्जरमध्ये मधे धातू आला की आपोआप बंद होण्याची सोय असते. ती नसेल तर घरात लहान पोरं असताना तसला चार्जर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हृदयात पेसमेकर बसवलेली व्यक्ती घरात असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आणि गाडी पाटावर नेमकी उभी करावी लागते. ती बाजूला सरकली तर चार्जिंग मंदावतं किंवा थांबतं. जमिनीवर विटांचा अडसर करून चाकाची जागा पक्की करावी लागेल.

"ताई, मग एक्स्प्रेसवेवरच हे का बसवत नाहीत, गाड्या चालता चालता चार्ज होतील," असंही एका मुलीने विचारलं. पोरीचं डोकं बरोबर चाललं होतं! दक्षिण कोरियात गुमी शहरात २०१३ पासून रस्त्याखाली वेटोळी पुरून त्यावरून बस चालवून बघितली आहे, आणि अमेरिकेत डेट्रॉईट शहरात २०२३ मध्ये साधारण चारशे मीटरचा असा रस्ता तयार केला. आपल्या एक्स्प्रेसवेची लांबी ९४ किलोमीटरहून जास्त. एवढा रस्ता खणून तारा पुरायचा खर्च मनात आणा. त्यापेक्षा गाडी जिथे तासन्‌तास उभी असते तिथे चार्ज करणं स्वस्त पडतं.

यातच एक सावधगिरी. "चाकाला आमचा डायनॅमो लावा, गाडी चालता चालता स्वतःच चार्ज होते, वीजबिल शून्य" असं सांगणारे व्हिडिओही फिरतात. हे साफ खोटं आहे. डायनॅमो फिरवायला जोर लागतो, तो जोर बॅटरीतूनच जातो, आणि जेवढं जातं त्याहून कमीच परत येतं. उतारावर मात्र गोष्ट वेगळी. गाडी उतरताना मोटार उलटी वापरून ब्रेकचं काम घेता येतं, आणि त्यातून थोडी वीज बॅटरीत परत मिळते. आपल्या बोरघाटात हे फार जुनं आहे. मुंबई-पुणे रेल्वे १९२९ मध्ये विजेवर आली, तेव्हाच्या मालगाडीच्या इंजिनांनाही घाट उतरताना वीज तारेत परत देण्याची सोय होती. पण चढताना खर्च झालेली सगळी वीज उतरताना कधीच परत येत नाही.

आता परत त्या पंधरा हजारांकडे. नागपूरच्या चार्जरचं तंत्रज्ञान कंपनीला दिलं गेलं, पण तंत्रज्ञान देणं आणि वॉरंटीसकट वस्तू आपल्या तालुक्यातल्या दुकानात येणं यात बरंच अंतर असतं. तेव्हा विक्रेता वायरलेस म्हणाला की त्याला व्हिडिओ नको, वस्तू दाखव म्हणा. आपल्याच गाडीच्या मॉडेलवर तीन तास लावून दाखव म्हणा. हे वेटोळं बसवल्यावर गाडीच्या कंपनीची बॅटरी वॉरंटी राहते का, हे कंपनीकडून लेखी आणून दे म्हणा. बॅटरी लेड-अॅसिडची की लिथियमची, आणि चार्जर त्याच जातीचा आहे का, हे कोटेशनवर लिहून घ्या. मधे धातू आला की बंद होतो का, हे आपल्यासमोर तपासा. आणि नुसत्या चिठ्ठीवर आगाऊ रक्कम द्यायची नाही. माल आल्यावर, पक्क्या बिलावर, गटाच्या खात्यातून चेकनेच. एवढं ऐकून जो परत येईल तो खरा विक्रेता. (माझा अंदाज, फार जण येणार नाहीत.)

तोवर गाडी घ्यायचीच असेल तर वायरच्या चार्जरवर घ्या, काही बिघडत नाही. पण ते सुरक्षित करा. दीड किलोवॅटच्या चार्जरला साधारण सात अँपिअर वीज लागते. घरातला लहान सॉकेट सहा अँपिअरचा असतो, म्हणजे पहिल्या दिवसापासून तो ताकदीबाहेर काम करणार. तापणार, काळा पडणार. चार्जिंगसाठी मोठा १६ अँपिअरचा सॉकेट, जाड वायर आणि वेगळी एमसीबी घ्या. अर्थिंग आहे का हे वायरमनकडून तपासून घ्या, नुसता तीन पिनांचा सॉकेट म्हणजे अर्थिंग नव्हे. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा, ज्याला दुकानात बरेच जण ईएलसीबी म्हणतात. वीज वाट सोडून माणसाच्या अंगातून जमिनीत जायला लागली की हा क्षणात लाइन तोडतो. त्या स्कूटीवाल्या ताईंच्या घरी तो असता तर झटका क्षणापुरताच राहिला असता. एक्स्टेंशन बोर्ड पावसात कायमचा बंद. सॉकेट पागोळीपासून आत, कमरेच्या वर, आडोशाला. लेड-अॅसिड बॅटरी भरताना पेट घेणारा वायू सुटतो, म्हणून चुलीजवळ किंवा झोपायच्या बंद खोलीत चार्जिंग नको. गाडीमुळे घराचा मंजूर भार वाढवावा लागेल का, आणि भाड्याच्या गाडीला कुठला दर लागेल, हे महावितरणच्या कार्यालयात आधीच विचारा.

चढाचाही विचार करा. कायद्याने जिला ई-रिक्षा म्हणतात तिचा वेग ताशी २५ किलोमीटरच्या आतच असतो. मळवली ते पायथा ठीक, पण चार माणसं घेऊन मोठा चढ चढायचा असेल तर बॅटरी लवकर उतरते. घेण्याआधी चार बाया बसवून तोच रस्ता चालवून बघा, तोही एका चार्जिंगमध्ये किती फेऱ्या होतात ते मोजत.

पैशांबद्दल एक माहिती. महिला व बाल विकास विभागाची पिंक ई-रिक्षा योजना २०२४ मध्ये आली, त्यात २० टक्के राज्य सरकार, १० टक्के आपण आणि ७० टक्के बँकेचं कर्ज असं आहे. योजना ठरावीक शहरांसाठी आहे, पुणे त्यात आहे. मावळातल्या वाडीवरच्या बाईचा अर्ज त्यात बसतो का, हे आधी विभागाच्या कार्यालयात विचारून घ्या, मगच कागद जमवायला लागा. ग्रामसंघातून कर्ज घेणार असाल तर ठरावात चार्जिंगच्या फिटिंगचा खर्च वेगळा लिहा. तो विसरला जातो आणि मग एक्स्टेंशन बोर्ड खिडकीतून बाहेर येतो.

ज्या गटाने प्रश्न विचारला त्यांची पुढची बैठक चालू महिन्यातच आहे. गाडीची दोन कोटेशनं आणि वायरमनचा अंदाज घेऊन या, बेरीज आपण तिथेच बसून करू. आणि कुणाकडे इंडक्शन शेगडी असेल तर तीही आणा. शेगडी आणि भांडं यांच्यामध्ये एक कोरा कागद ठेवून दोन मिनिटं पाणी कोमट करून दाखवते.